गेलेल्या पुस्तकांची यादी

नोकरीत मी बनवलेली पहिली वस्तू खोटी बोंब मारणारी निघाली. बोंब ऐकली की माणसं धावतात आणि धावपळीत कोणीतरी पायाखाली येतं. इथे आले ते बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका जुन्या ग्रंथालयातले गृहस्थ. त्यांना मी अण्णा म्हणायचे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, म्हणून आता मीच लावून घेते आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि पुण्याची असल्यामुळे आपल्याला बहुतेक सगळं कळतं, हे मला आधीपासून ठाऊक होतं. बसवनगुडीत एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे सात माणसं, पाच संगणक आणि एक साहेब. आम्ही ग्रंथालयांसाठी प्रोग्राम करून द्यायचो. कार्डांच्या खणांमध्ये जे असतं ते सगळं संगणकात घालायचं, म्हणजे पुस्तकाचं नाव टाइप केलं की ते कुठल्या कपाटात आहे ते पडद्यावर यायचं. आज हे कोणाला सांगितलं तर हसतील, पण तेव्हा लोक मागे उभे राहून बघायचे.

मल्लेश्वरमचं ग्रंथालय आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पहिल्यांदा मी तिथे गेले त्या दिवशी प्रिंटरमध्ये कागद अडकला, आणि आजूबाजूला कोणाला कळणार नाही या भरवशावर मी प्रिंटरला मराठीत एक सणसणीत शिवी दिली. मागून आवाज आला, "त्याला मराठी येत नाही, अक्का. कन्नडात सांगून बघ."

मी वळून पाहिलं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. हे अण्णा. छप्पन्न वर्षांचा माणूस मला 'अक्का' म्हणतो याची मला गंमत वाटली. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. "आमची माणसं घोड्यांबरोबर आली," ते सांगायचे, "घोडे परत गेले, आम्ही राहून गेलो." घरात मराठी, बाहेर कन्नड, ऑफिसात इंग्रजी. त्यांच्या मराठीत थोडं या अर्थी 'स्वल्प' आणि बरं या अर्थी 'सरी' असे मिसळलेले असायचे की काही दिवसांनी मीच पुण्याला फोनवर आईला "सरी, ठेवते" म्हणाले आणि आई म्हणाली, सरी कोण?

ग्रंथालयासमोरच्या हॉटेलात आम्ही उभ्याउभ्या कॉफी प्यायचो. बाय-टू. एक कॉफी घ्यायची आणि दोन पेल्यांत निम्मी निम्मी. बंगळुरात सगळेच तशी घेतात, त्यात कंजूषपणा नाही, उलट कोणाबरोबर तरी प्यायची म्हणून ती तशी घ्यायची. अण्णा पेले डोळ्यांसमोर धरून दोन्हींची पातळी सारखी आहे ना, ते बघायचे. कमी असेल तो स्वतः घ्यायचे.

तीन वर्षं ते एकटे दोन बोटांनी कार्डं संगणकात घालत होते. ग्रंथालयात तिसांवर वर्षं काढलेली, त्यामुळे निम्मी कार्डं मुळात त्यांनीच लिहिलेली. अक्षर असं की छापल्याचा भास व्हावा. आता एकच कपाट उरलं होतं. निवृत्तीला दोन वर्षांहून थोडं कमी. "शेवटचं कार्ड माझ्या हातानं घालायचं," ते म्हणायचे, "मग घरी बसायचं. त्या दिवशी बाय-टू नाही हं, अक्का. तुला एक पूर्ण, मला एक पूर्ण."

त्यांना आयुष्यात आणखी काही हवं होतं असं मला कधी दिसलं नाही.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती, पण पाहून सोडून दिली. ग्रंथालयाचं मोठं नोंदणीपुस्तक असतं. आलेल्या प्रत्येक पुस्तकाला त्यात एक क्रमांक मिळतो. पुस्तक हरवलं, वाळवीनं खाल्लं, कोणी नेऊन परत आणलं नाही, तरी ती नोंद खोडायची नसते. तांबड्या शाईनं तिच्यावर एकच रेघ मारायची, आणि तीही अशी की खालचं नाव वाचता आलं पाहिजे. अण्णांनी तीस वर्षं हेच केलं होतं, म्हणून संगणकातही त्यांनी हेच केलं. बाकीची ग्रंथालयं कपाटात असलेली पुस्तकंच संगणकात घालायची. अण्णा गेलेल्या पुस्तकांचीही कार्डं आधी नीट टाइप करायचे, सगळी, नाव, लेखक, पानं, आणि मग त्या नोंदीवर जाऊन ती रद्द करायचे.

"दुप्पट काम कशाला?" मी एकदा विचारलं.

"पुस्तक गेलं म्हणजे ते नव्हतंच असं होतं का?" ते म्हणाले.

मी हसले. म्हातारी माणसं अशी काहीतरी बोलायचीच, असं माझं त्या वयातलं मत होतं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, अमुक शब्द अमुक पानावर, तशी एक सूची संगणक आपल्या माहितीची ठेवतो. तिला इंडेक्स म्हणतात. ती असली की संगणक हजारो नोंदी चाळत बसत नाही, सरळ हव्या त्या नोंदीवर जातो. ती बिघडली तर मात्र पुस्तक समोर असूनही तो 'नाही' म्हणतो. तेव्हा वीज मधूनच जायची, आणि लिहिता लिहिता यंत्र बंद पडलं की सूची खरोखरच बिघडायची. म्हणून साहेबांनी मला सांगितलं, सूची तपासणारा एक प्रोग्राम लिही. नोंदी एका बाजूला, सूची दुसऱ्या बाजूला, ताडून बघायचं. सहा महिन्यांनी मला कायम करायचं की नाही, हे या कामावर ठरणार होतं.

मी दीड महिना खपून तो लिहिला. मनातल्या मनात त्याला मी 'तपासनीस' म्हणायचे. बसवनगुडीत आमच्या खोट्या खोट्या नोंदींवर तो चोख चालला. मी मुद्दाम सूची बिघडवायचे आणि तो बरोब्बर पकडायचा. साहेब खूश झाले. एका शनिवारी मी तो मल्लेश्वरमला नेला.

पडद्यावर ठळक अक्षरांत आलं, 'इंडेक्स करप्ट', आणि खाली एकतीस क्रमांक.

अण्णा शेजारी उभे होते. "करप्ट म्हणजे लाच खाणारा ना? माझ्या कार्डांनी कोणाची लाच खाल्ली, अक्का?"

"बिघडलंय, अण्णा. एकतीस नोंदी सूचीत नाहीत."

"पण पुस्तकं तर सापडतायत." त्यांनी पटापट चार नावं टाइप केली. चारही सापडली.

"आज सापडतायत," मी म्हणाले. हे वाक्य मी कसल्या दिमाखात म्हणाले ते मला अजून ऐकू येतं.

मी सूची पुसून नव्यानं बांधली. पुन्हा तपासनीस चालवला. पुन्हा एकतीस. इथेच मी थांबायला हवं होतं. नव्यानं बांधलेली सूची त्याच क्षणी, त्याच जागी कशी बिघडेल? पण आपल्या बाळाला कोणी वेडं म्हणतं का? मी निष्कर्ष काढला की मुळातल्या नोंदीच आतून खराब झाल्या आहेत. पुढच्या शनिवारी चौतीस. त्याच्या पुढच्या शनिवारी एकेचाळीस.

आकडा का वाढत होता, ते आज सांगायला सोपं आहे. ग्रंथालयात तेव्हा पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती. अण्णा एकेक कपाट ताडून बघत होते आणि जे पुस्तक जागेवर नाही त्याची नोंद इमानेइतबारे रद्द करत होते. संगणकात रद्द केलेली नोंद लगेच पुसली जात नाही, तिच्यावर फक्त एक खूण पडते, तांबड्या रेघेसारखी. आमचा प्रोग्राम अशा नोंदी सूचीत घेत नसे, आणि ते बरोबरच होतं. पण मी तपासनिसाला हे सांगायलाच विसरले होते. तो सगळ्या नोंदी मोजायचा, खूण असलेल्यासुद्धा, आणि सूचीत त्या सापडल्या नाहीत की बोंब मारायचा. बसवनगुडीच्या आमच्या खोट्या ग्रंथालयात एकही पुस्तक कधी हरवलं नव्हतं, म्हणून तिथे तो गप्प राहिला. अण्णा जितके प्रामाणिकपणे काम करत होते तितका तो मोठ्यानं ओरडत होता.

हे मला तेव्हा कळलं नाही. मला दिसत होतं ते असं: यंत्रावर बसणारा माणूस एकच, दोन बोटांनी टाइप करणारा, दर शुक्रवारी संगणकाला कुंकू लावून उदबत्ती ओवाळणारा. राख कीबोर्डवर पडायची. वीज गेली की तो यंत्र नीट बंद करत असेल का? मी अहवालात लिहिलं की यंत्र चुकीच्या पद्धतीनं बंद केलं जात असावं.

अण्णांनी अहवाल वाचला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एका वहीत यंत्र सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायला सुरुवात केली. वीज किती वाजता गेली, बॅटरी किती वेळ टिकली, आपण काय केलं. महिनाभरानं ती वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी ती चाळली. वाचली असं म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात कॉफी पिताना त्यांनी खिशातून तपासनिसाचा छापील कागद काढला. घडीवर घडी घातलेला. प्रत्येक क्रमांकापुढे पेन्सिलीनं पुस्तकाचं नाव लिहिलं होतं.

"अक्का, मी एकेक काढून बघितलं. ही सगळी गेलेली पुस्तकं आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे हरवलेली. कपाटात नसलेली. तुझं यंत्र फक्त तेवढ्याच क्रमांकांवर ओरडतंय."

यापेक्षा सोपं करून कोणी काय सांगणार? चौकशीच नव्हे, निकालच आणून हातात ठेवला होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अण्णा, कपाटात काय आहे आणि काय नाही, ते यंत्राला कसं कळणार?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "ते पण खरं," म्हणाले. कागद त्यांनी मला दिला आणि मी तो पिशवीत टाकला. त्या दिवशी कमी भरलेला पेला कोणी घेतला, ते मी बघितलं नाही.

मग ग्रंथालयाच्या समितीची बैठक झाली. चिटणीस निवृत्त अधिकारी होते, कडक इस्त्रीचे. आठवडी कागद त्यांच्यासमोर ओळीनं लावलेले आणि प्रत्येकाच्या माथ्यावर 'करप्ट'. त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं, तुमच्या प्रोग्राममध्ये दोष आहे का? साहेब म्हणाले, इतर ठिकाणी तोच प्रोग्राम आहे, तिथे एकही तक्रार नाही. ते खोटं नव्हतं. मग चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मग चूक हाताळणाऱ्याची आहे?"

अण्णा टेबलाच्या टोकाला बसले होते. पुढ्यात वेळांची वही. माझ्याकडे बघत होते, पण आर्जवानं नव्हे. शाळेत आपल्याला ठाऊक असलेलं उत्तर दुसऱ्या मुलाला विचारलं की आपण जसं बघतो, तसं.

मला कायम होण्याचं पत्र मिळायला तीन आठवडे होते.

"शक्यता तीच जास्त वाटते," मी म्हणाले.

पगार कमी झाला नाही, शिक्षा वगैरे काही नाही. सगळं फार सभ्यपणे झालं. शहराबाहेर होसकोट्याला ग्रंथालयाची एक साठवणीची जागा होती, जुन्या मासिकांचे बांधीव गठ्ठे ठेवलेली. तिथे एका जबाबदार माणसाची गरज आहे, असं चिटणीस म्हणाले. दोन बसगाड्या बदलून जायचं. अण्णांनी "सरी" म्हटलं, संगणकावर फडकं झाकलं आणि शेवटचं कपाट तसंच ठेवून ते गेले. त्यांच्या जागी एक चुणचुणीत मुलगी आली, दहाही बोटांनी टाइप करणारी.

बारा दिवसांनी मी तिच्या शेजारी बसले होते. तिनं दोन नोंदी चुकून दोनदा टाइप केल्या होत्या, म्हणून जादाच्या रद्द केल्या. वीज गेली नव्हती. उदबत्ती नव्हती. यंत्र बंदही झालं नव्हतं. मी तपासनीस चालवला आणि आकडा बरोबर दोननं वाढला.

मी तिला पाणी आणायला पाठवलं. तिनं रद्द केलेली एक नोंद मी परत जिवंत केली, आकडा एकानं उतरला. पुन्हा रद्द केली, चढला. एवढंच. दीड महिना खपून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एक ओळ कमी होती.

साहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, ओळ घाल, वाच्यता करू नकोस. पुढच्या आठवड्यात करार वाढवायचा आहे. आणि तसंही ते गृहस्थ निवृत्तच होतायत ना? पण मी साहेबांच्या नावावर बिल फाडणार नाही. त्यांनी माझं तोंड धरलं नव्हतं. मल्लेश्वरमला जायची बस दारासमोरून जात होती. मी ओळ घातली आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'.

त्या शनिवारी तपासनिसानं शून्य दाखवलं. चिटणिसांनी कागद हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "बघितलं? माणूस बदलला, यंत्र सुधारलं." सगळे हसले. अण्णांच्या विरुद्ध तोवर फक्त संशय होता. तो पुरावा झाला, आणि तो मी माझ्या हातानं तयार करून दिला होता.

पुढच्या महिन्यात मला कायमपणाचं पत्र मिळालं.

होसकोट्याला मी गेले ती आणखी दोन महिन्यांनी. सांगायचंच, असं ठरवून गेले. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. साठवणीची जागा म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली लांबट खोली, आत जुन्या कागदाचा वास. अण्णा मला बघून इतके हरखले की त्यांनी पंच्यानं खुर्ची दोनदा पुसली. डबा उघडला, त्यातली निम्मी पुळिओगरे झाकणावर काढून माझ्यासमोर ठेवली. चिंचेचा भात मला आवडतो, हे त्यांच्या लक्षात होतं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "आता सगळं बरं चाललंय म्हणे. एकसुद्धा चूक येत नाही."

"हो."

"मला आधी वाटलं होतं, अक्का, की आपलं काही चुकत नाही. खरंच वाटलं होतं. पण मी गेलो आणि थांबलं म्हणजे हात माझाच होता. कुठे काय दाबत होतो देव जाणे. तीन वर्षं तुम्हा सगळ्यांना त्रास." ते हसले. "बरं झालं वेळेवर काढलं मला."

समोरच्या टेबलावर गठ्ठ्यांना चिकटवायच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांच्यावरचं अक्षर अण्णांचं नव्हतं. मी विचारलं. ते म्हणाले की चिठ्ठ्या राखणदार लिहितो, तो सातवी शिकलेला आहे. आपण नुसतं सांगतो. "स्वल्प चुकलं तरी पुढे कोणाला मासिक सापडायचं नाही. कशाला उगीच."

मी भात खात राहिले. माझ्याजवळ सांगण्यासारखं एक वाक्य होतं आणि ते सांगायला हीच जागा होती, हीच वेळ होती. पण ते सांगितलं की इतके महिने मी काय करत होते, हेही सांगावं लागणार होतं. संध्याकाळच्या बसनं मी परत आले. त्या माणसाचं मीठ खाऊन आले, एवढंच त्या दिवसाचं फलित.

त्यानंतर मी भित्र्या माणसासारखी वागले. कामाचा डोंगर केला. मल्लेश्वरमचं काम दुसऱ्याकडे दिलं. ते रस्ते टाळले. अण्णा होसकोट्याहूनच निवृत्त झाल्याचं कानावर आलं, तरी गेले नाही. नंतर मी नोकरी बदलली. जुनं टेबल रिकामं करताना खणाच्या तळाशी एक घडी केलेला कागद सापडला. एकेचाळीस क्रमांक आणि प्रत्येकापुढे ते छापल्यासारखं अक्षर. पुस्तकाचं नाव, आणि पुढे एक शब्द, 'गेलं'. 'गेलं', 'गेलं', 'गेलं', पानाच्या खालपर्यंत.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले.

मल्लेश्वरमच्या एका आडव्या रस्त्यावर त्यांचं घर होतं, बैठं, दारात सुबक रांगोळी. अण्णांच्या पत्नींनी दार उघडलं. त्या मला ओळखत होत्या, म्हणजे अण्णांच्या बोलण्यातून. "तीच ना, प्रिंटरला शिव्या देणारी?" म्हणून त्यांनी मला आत घेतलं. अण्णा पूजेची फुलं निवडत होते, ते आटपेपर्यंत त्याच बोलत होत्या. मुलीचं लग्न झालं, फार चांगलं झालं. एकच चुटपुट लागून राहिली. "पत्रिकांवरचे पत्ते यांनी लिहिले नाहीत. गावभरच्या पत्रिकांवर आयुष्यभर यांचं अक्षर, आणि घरच्या लग्नाला शेजारच्यांकडून लिहून घेतले. हात चुकतो म्हणतात. मला तर कधी चुकलेला दिसला नाही."

अण्णा बाहेर आले. थोडे वाळले होते. गंधाचा ठिपका तसाच. मी उभी राहिले आणि बसायच्या आत सांगून टाकलं, कारण बसले असते तर राहून गेलं असतं. कागद त्यांच्या हातात दिला. सांगितलं की चूक तपासनिसाची होती. रद्द केलेल्या नोंदींना तो बिघडलेल्या समजत होता. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं, तो गेलेल्याच पुस्तकांवर ओरडत होता. तुमची एकही नोंद कधी बिघडली नव्हती.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला, वरपासून खालपर्यंत, सगळे एकेचाळीस. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, पालथा करून, उताणा करून.

"ऐकलंस का?" त्यांनी आत हाक मारली. "हात बरोबर होता म्हणे माझा!"

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. अण्णा लहान मुलासारखे हसत होते. "एकेचाळीसच्या एकेचाळीस! मी सांगितलं होतं हिला, हॉटेलात उभं राहून सांगितलं होतं. कॉफी टाक, अगं. बाय-टू नको हं, पूर्ण." मला तेव्हा वाटलं की झालं, सुटले. इतकं सोपं होतं, तर इतकी वर्षं मी का थांबले? मी समितीला पत्र लिहिते म्हणाले. त्यांनी हातानंच नको म्हटलं. चिटणीस आता नव्हते, आणि नवीन माणसांना अण्णा कोण हेही ठाऊक नव्हतं.

ते कागदाकडे बघत होते. हसू अजून चेहऱ्यावर होतं. तसंच त्यांनी विचारलं, अगदी सहज, "हे तुला कधी कळलं, अक्का?"

'परवा' म्हणता आलं असतं. त्यांनी तेही मानलं असतं.

"तुम्ही गेल्यावर बाराव्या दिवशी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळत नसल्यासारखी. "मग होसकोट्याला आलीस, ते?"

"त्याच्यानंतर."

"म्हणजे तेव्हा ठाऊक होतं."

"होतं."

त्यांनी कागदाची जुन्या घड्यांवर घडी घातली, आणि मला परत न देता शर्टाच्या खिशात ठेवली. "सरी," म्हणाले. उठले, आणि आत गेले. आतल्या खोलीचं दार लावल्याचा आवाज आला, हळूच, कोणाला लागू नये असा.

मी बसून राहिले. उठून जावं की थांबावं, हे कळेना. थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी आल्या. त्यांच्या हातात एकच पेला होता.

"ते जरा पडलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

पेला काठोकाठ भरलेला होता. मी तो सगळा प्यायले.